डिजिटल केल्यावर जुने वॉकीटॉकी गप्प का होतात? जुनी फ्रिक्वेन्सी चालू आहे की बंद, हे कसे तपासायचे

सोसायटीचे किंवा कंपनीचे वॉकीटॉकी डिजिटलवर गेले की काही दिवसांतच सिक्युरिटी सुपरवायझरचा फोन येतो: "साहेब, अर्धे सेट बोलतच नाहीत." घोडबंदर रोडचे टॉवर असोत नाहीतर रबाळे-महाप्याची एमआयडीसी, तक्रार तीच आणि बहुतेक वेळा कारणही तेच. ठाण्यात सेट दुरुस्तीचे काम करताना हा प्रकार इतक्यांदा हाताखालून गेला आहे की अर्ध्या तक्रारी फोनवरच मिटतात. एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला व्हिजिट चार्ज पडणार नाही.

लक्षणे

यातले एखादे जरी जुळत असेल तर पुढचे तुमच्यासाठी आहे.

- नव्या सेटवरून बोलले की जुन्या सेटमधून "टर्रर्र" येते, शब्द एकही कळत नाही. किंवा जुना सेट साफ गप्प राहतो.
- जुन्यावरून बोलले की नव्या सेटचा दिवा लागतो, पण स्पीकरमधून काही नाही.
- नवे सेट गेटजवळ एकमेकांशी बोलतात, पण एक जण बेसमेंटला गेला की तुटतात.
- दिवसपाळीत चालते, रात्रपाळीत नाही.
- आवाज येतो, पण पाण्यात बुडून बोलल्यासारखा, अगम्य.
- मधूनच आपल्या चॅनेलवर भलत्याच माणसांचे बोलणे ऐकू येते.

आधी एक गैरसमज दूर करू

"डिजिटल झाले म्हणजे जुनी फ्रिक्वेन्सी गेली" असे सगळे धरून चालतात. बहुतेक ठिकाणी फ्रिक्वेन्सी जागची हललेलीही नसते. परवान्यात मिळालेला चॅनेल तोच असतो, बदलते ती त्यावरून आवाज पाठवायची पद्धत. हार्बर लाइनवर २०१६ मध्ये शेवटची डीसी लोकल धावली. रूळ तेच राहिले, पण वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा एसी आल्यावर फक्त डीसीवर चालणारी गाडी त्या रुळांवर उभी करून काय उपयोग? तुमच्या जुन्या सेटचे तेच झाले आहे.

जुना सेट एफएम अ‍ॅनालॉग. आवाज जसा येईल तसा लहरीवर चढवतो. नवा सेट आपल्याकडे बहुधा डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) पद्धतीचा असतो. तो आवाजाचे आकडे करतो आणि १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर ३०-३० मिलिसेकंदांच्या दोन पाळ्या लावतो. रिपीटर (सेटचे बोलणे पकडून जास्त ताकदीने पुढे पाठवणारे यंत्र) असेल तर एकाच चॅनेलवर दोन वेगळी बोलणी एकदम चालतात, पहिल्या पाळीत सिक्युरिटी, दुसऱ्या पाळीत हाउसकीपिंग. सेट निम्मा वेळच प्रक्षेपण करत असल्याने बॅटरीही जास्त टिकते. फायदे खरे आहेत. पण अ‍ॅनालॉग सेटला यातले काहीही उलगडत नाही.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग पैशाच्या. क्रम मोडू नका. रिपीटर उघडायला लावून शेवटी चॅनेलचा खटका फिरलेला निघाला, असे फार वेळा होते.

१. खटका आणि झोन

सगळे सेट एका टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाचा चॅनेलचा खटका एकाच आकड्यावर आणा. स्क्रीन असेल तर झोनचे (म्हणजे चॅनेलच्या गटाचे) नावही वाचा. डिजिटल सेटमध्ये चॅनेल १ दोनदा असू शकतो, एकदा डिजिटल झोनमध्ये आणि एकदा अ‍ॅनालॉग झोनमध्ये. वरून दोन्ही सेट "१" दाखवतात आणि एकमेकांना ऐकत नाहीत. रात्रपाळीला बंद पडणारे सेट बहुतेक इथेच सापडतात. पाळी बदलताना सेट खिशात कोंबला जातो, खटका एक घर सरकतो, आणि नवा वॉचमन बिचारा रात्रभर "गेट दोन, गेट दोन" करत बसतो. ज्या सेटला झोन बदलायचे बटण बाजूलाच आहे त्याचे ते बटण प्रोग्रामिंगमधून बंद करून घ्या. वॉचमनला झोन बदलायची गरज कधीच पडत नाही.

२. बॅटरी, अँटेना, पीटीटी

बॅटरी काढून मागचे धातूचे ठिपके पाहा. खाडीलगतच्या सोसायट्यांत, कोलशेत, ऐरोली, वाशी या पट्ट्यात, त्यांच्यावर हिरवट थर हटकून मिळतो. साध्या खोडरबराने घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. बोलायचे बटण दाबताच सेट बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर बॅटरी संपलेली आहे, मग चार्जरचा दिवा काहीही सांगो. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला खूप. म्हणून मेलेली बॅटरी ऐकताना ठणठणीत वाटते.

जुने चार्जर फेकायला जिवावर येते हे मला माहीत आहे. पण जुन्या सेटच्या निकेल बॅटरीचा चार्जर नव्या लिथियम बॅटरीला लावू नका, बसत असला तरीही. फुगलेली लिथियम बॅटरी केबिनमध्ये ठेवूच नका.

अँटेना हाताने घट्ट करा. वॉचमन मंडळी सेट अँटेनाला धरून गरगर फिरवतात, त्यामुळे आतली तार तुटते आणि वरून रबर मात्र शाबूत दिसते. खात्री करायची सोपी पद्धत अशी: चालणाऱ्या सेटची अँटेना काढून न चालणाऱ्याला लावून पाहा. मात्र दोन्ही सेट एकाच पट्ट्याचे हवेत. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची अँटेना ४५० च्या सेटला पेचात बसली तरी कामाची नाही. काही कंपन्या फरक कळावा म्हणून तळाशी रंगीत कडे घालतात. आणि अँटेना नसताना बोलायचे बटण दाबायचे नाही, आतला पॉवर ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

पीटीटी म्हणजे बोलायचे बटण. पावसाळ्यात त्याचे रबर फुगून अडकते. एकाचे बटण अडकले की पूर्ण चॅनेल अडून राहतो आणि सगळ्यांना वाटते सिस्टीमच पडली. सगळे सेट बंद करून एकेक चालू करत जा. ज्याचा लाल दिवा न दाबता लागतो तो चोर.

३. मॉनिटर बटण दाबून कान लावा

सगळ्या तपासण्यांत मला ही सर्वात आवडते, कारण खर्च शून्य आणि जुनी फ्रिक्वेन्सी जिवंत आहे की नाही याचे उत्तर लगेच. जुना अ‍ॅनालॉग सेट घ्या आणि बाजूचे मॉनिटरचे बटण दाबून धरा. (प्रोग्रामिंगमध्ये ते ठेवलेले असेल तरच चालेल.) एरवी सेट खरखर दाबून ठेवतो, तो अडसर यामुळे उघडतो. मग दुसऱ्या माणसाला नव्या सेटवर बोलायला सांगा.

सलग खरखर आणि त्यात बदल नाही: त्या फ्रिक्वेन्सीवर तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. एकतर फ्रिक्वेन्सी खरेच बदलली आहे, नाहीतर अंतर जास्त आहे. माणसाला जवळ बोलावून पुन्हा करा.

खरखर थांबून टर्रर्र सुरू झाली: फ्रिक्वेन्सी तीच, पद्धत डिजिटल. इथे आणखी एक गोष्ट कानाला कळते. रिपीटरकडून आलेली टर्रर्र सलग असते. सेटकडून थेट आलेली तुटक असते, सेकंदाला साधारण सोळा-सतरा ठोके, कारण सेट दोनपैकी एकाच पाळीत बोलतो आणि दुसऱ्या पाळीला गप्प बसतो. दोन-चारदा ऐकले की कान तयार होतो.

माणसाचा स्वच्छ आवाज आला: अ‍ॅनालॉग अजून चालू आहे, फक्त टोन जुळत नाही. अ‍ॅनालॉग सेट बोलताना आवाजाखाली एक बारीक सूर पाठवतात, ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा. आपला ठरलेला सूर आला तरच समोरचा स्पीकर उघडतो. अपग्रेडच्या वेळी हा सूर बदलला किंवा काढला, आणि चार सेट जुन्यावरच राहिले, की ते चार बहिरे. हे दुरुस्त करायला प्रत्येक सेटला पाच मिनिटे लागतात, फक्त प्रोग्रामिंगची केबल हवी.

मधेच येणारा प्रश्न: पोलीस जुन्या फ्रिक्वेन्सीवर आहेत का?

मॉनिटर बटणाचे सांगितले की कमिटीतले कोणीतरी हमखास विचारते: "पूर्वी आमच्या सेटवर कधीतरी पोलिसांचे ऐकू यायचे, आता येत नाही. त्यांनी जुन्या फ्रिक्वेन्सी सोडल्या का?"

ऐकू न येणे म्हणजे सोडल्या, असे अनुमान निघत नाही. वर सांगितले तेच इथेही लागू आहे. चॅनेल तोच असून पद्धत डिजिटल झाली असेल, आवाज सांकेतिक केला असेल, किंवा बोलणे ट्रंकिंगवर गेले असेल, ज्यात कोणता चॅनेल वापरायचा हे दर वेळी यंत्रणाच ठरवते. कुठलीही मोठी वायरलेस यंत्रणा एका रात्रीत बदलत नाही. गाड्यांतले सेट, चौकीतले बेस सेट, हातातले सेट टप्प्याटप्प्याने बदलतात आणि तोवर जुना अ‍ॅनालॉग चॅनेल सोबतीला चालू ठेवतात. नंतरही राखीव म्हणून ठेवणे शहाणपणाचेच असते. रिपीटर पडला तर साधा अ‍ॅनालॉग सेट थेट सेटशी बोलतो, हा आधार कोणी सहज सोडत नाही. त्यात ठाणे आणि नवी मुंबई ही वेगवेगळी आयुक्तालये. कळव्याच्या पुढे डोंगराच्या पलीकडे जे झाले ते अलीकडेही त्याच वेळी झाले असेल, असे धरू नये.

याहून खोलात मी कोणालाही नेत नाही आणि तुम्हीही जाऊ नका. सूट नसलेला वायरलेस सेट परवान्याशिवाय बाळगणे १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टपासूनच गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचे बोलणे बेकायदा ऐकल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. "फक्त ऐकत होतो" हा बचाव होत नाही. तुमच्या सेटवर अपघाताने कोणा सरकारी यंत्रणेचे बोलणे आले तर चॅनेल बदला, पीटीटीला हात लावू नका आणि सेट प्रोग्रामिंगसाठी परत पाठवा. काही गडबड दिसली तर ११२ आहेच.

४. कोणता सेट काय जाणतो, याची यादी

कागदावर प्रत्येक सेटचे मॉडेल लिहा आणि समोर खूण करा: फक्त अ‍ॅनालॉग, फक्त डिजिटल की दोन्ही. बहुतेक डीएमआर सेट दोन्ही करतात, पण एका वेळी एका चॅनेलवर एकच.

इथेच विक्रेत्याच्या एका वाक्याने घोळ होतो. "रिपीटर मिक्स मोडचा आहे, जुने-नवे दोन्ही चालतील." चालतील, हे खरे. एकमेकांशी बोलतील असे त्याने म्हटलेले नसते. मिक्स मोडचा रिपीटर अ‍ॅनालॉग आले तर अ‍ॅनालॉग पुढे पाठवतो, डिजिटल आले तर डिजिटल. तो दुभाषी नाही. शिवाय जुना सेट बोलत असेपर्यंत दोन्ही पाळ्या अडतात, म्हणजे ज्या दोन बोलण्यांसाठी पैसे मोजले ती सोयही तेवढा वेळ गेली.

माझे मत विचाराल तर अर्धे जुने, अर्धे नवे ही खिचडी टाळा. बजेट नसेल तर सगळे नवे सेट आधी अ‍ॅनालॉगवरच लावा, पूर्ण संच आला की एक रविवार ठरवून सगळे एकदम डिजिटलवर न्या. तेही जमत नसेल तर उरलेले जुने सेट एकाच खात्याला द्या, माळीकाम किंवा क्लब हाउस, आणि त्यांचा अ‍ॅनालॉग चॅनेल फक्त सुपरवायझरच्या नव्या सेटमध्ये घाला. सुपरवायझरला दोन्ही चॅनेल स्कॅनवर लावता येतात, पण स्कॅनमध्ये वाक्याची सुरुवात बरेचदा कापली जाते. आगीच्या किंवा लिफ्टच्या निरोपासाठी त्यावर विसंबू नका.

५. प्रोग्रामिंगचा कागद

डिजिटल सेट एकमेकांशी बोलायचे तर फ्रिक्वेन्सीसोबत आणखी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कलर कोड (० ते १५ मधला आकडा), पाळी म्हणजे स्लॉट १ की २, आणि टॉकग्रुप (एकमेकांचे ऐकणाऱ्या सेटच्या गटाचा क्रमांक). यातली एक जरी चुकली की दिवा लागतो, आवाज नाही. नंतर वाढवून घेतलेल्या दोन-तीन सेटमध्ये ही चूक नेहमी सापडते, कारण नवा माणूस कलर कोड १ धरून मोकळा होतो.

आवाज येतो पण अगम्य असेल तर एन्क्रिप्शनची (आवाज सांकेतिक करण्याची) किल्ली वेगळी आहे. दोन कंपन्यांचे सेट मिसळले की हे होते. डीएमआर हे प्रमाण सर्वांना समान असले तरी साधी "प्रायव्हसी" प्रत्येक कंपनीची आपली आपली असू शकते. सोसायटीत ती बंद ठेवली तरी चालते.

केबल आणि सॉफ्टवेअर ऑनलाइन मिळते म्हणून घरच्या लॅपटॉपवर हे करू नका. आधी जुनी फाइल वाचून जपून ठेवली नाही तर सेट कोरा होतो. आणि रिकामी फ्रिक्वेन्सी म्हणून जी घालाल ती रिकामी नसते. आपल्याला ऐकू आले नाही एवढाच तिचा अर्थ.

६. थेट की रिपीटरवरून, आणि कुठे तुटते

सोसायटीचा नकाशा घ्या आणि दोन माणसांनी फिरून जिथे तुटते तिथे फुली मारा. पूर्वी अ‍ॅनालॉगवर त्या जागी खरखर करत का होईना, कळायचे. डिजिटलमध्ये अधलेमधले काही नाही. शेवटपर्यंत स्वच्छ येते, मग शब्द तुटतात आणि पुढच्या दहा पावलांत पूर्ण शांतता. त्यामुळे लोकांना रेंज कमी झाल्यासारखी वाटते.

फुल्या फक्त बेसमेंट, पंप रूम आणि लिफ्टच्या आसपास असतील तर सेटचा दोष नाही. काँक्रीट आणि लोखंडाचा प्रश्न आहे, तिथे रिपीटरची अँटेना हलवावी लागते किंवा आत वेगळी टाकावी लागते. फुल्या सगळीकडे असतील तर सेट रिपीटरवर जातच नाहीत. बोलायचे बटण दाबून सोडा: रिपीटर चालू असेल तर सोडल्यावरही सेटचा दिवा क्षणभर लागलेला राहतो. दिवा तत्काळ विझला तर सेट "डायरेक्ट"वर आहे किंवा रिपीटर बंद आहे.

ठाण्यातले ऑफिस आणि महाप्यातला कारखाना हातातल्या सेटवर जोडून द्या, अशी मागणीही येते. मधे पारसिकचा डोंगर आहे. हातातल्या सेटचे चार-पाच वॉट तो ओलांडून देत नाही, डिजिटल असो की अ‍ॅनालॉग.

७. रिपीटरची खोली, फक्त बघायची

बहुधा ती लिफ्टच्या मशीन रूमशेजारी असते. तुम्ही एवढेच पाहा: वीज आहे का, पंखा फिरतो का, पॉवर सप्लायचा दिवा लागला आहे का, भिंतीतून येणाऱ्या केबलच्या टोकाशी ओल आहे का. दोष पाऊस पडला की येतो आणि दोन-तीन कोरड्या दिवसांनी जातो, असे असेल तर केबलच्या जोडात पाणी शिरले आहे, यावर मी पैज लावीन. लिफ्ट चालू झाली की खरखर वाढत असेल तर तेही लिहून ठेवा, शोधायला मदत होते.

इथे थांबा, माणूस बोलवा

- गच्चीवरच्या अँटेनाला हात लावायचा असेल. पावसाळ्यात तर कठड्याजवळ जाऊही नका, विजांचा कडकडाट असताना केबलही सोडवू नका.
- रिपीटर, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणे-बोलणे एकदम जमवणारा डबा) किंवा पॉवर सप्लायचे झाकण उघडायचे असेल.
- सगळे जुळूनही एखादाच सेट तुटक बोलत असेल. पडझडीने किंवा वयाने त्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली असते. अ‍ॅनालॉगमध्ये ती खपून जाते, डिजिटलमध्ये नाही. ती जागेवर आणायला मोजमापाचे यंत्र लागते, कानाने होत नाही.
- तुमच्या चॅनेलवर दुसऱ्याचे बोलणे रोज येत असेल. परवाना असलेल्यालाच याबद्दल दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते, म्हणून आधी परवाना काढून वाचा.

परवान्यात फ्रिक्वेन्सीसोबत प्रक्षेपणाचा सांकेतिक प्रकारही लिहिलेला असतो. अ‍ॅनालॉग आवाजाच्या शेवटी "एफ३ई" असते, डीएमआरला बहुधा "एफएक्सई". सेट डिजिटल झाले आणि कागदावर एफ३ईच राहिले तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. हे काम विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये आहे का ते पाहा, बरेचदा नसते. परवाना नकोच असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालणारे, ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची सरकारी) मंजुरी असलेले कमी ताकदीचे सेट घेता येतात. लहान सोसायटीला पुरतात, चाळीस मजली टॉवरला नाही.

माणूस बोलावताना त्याला चार गोष्टी हातात द्या: सेटची यादी, फुल्यांचा नकाशा, मॉनिटर बटणावर काय ऐकले ते, आणि परवान्याची प्रत. काम झाले की प्रोग्रामिंगची फाइल सोसायटीच्या ईमेलवर मागून घ्या, बिल चुकते करण्याआधी. सेट तुमचे आहेत तशी फाइलही तुमची. ती हाताशी नसेल तर पुढच्या वेळी वाढीव सेट घेताना कलर कोड शोधण्यापासून सुरुवात होते आणि त्याचे वेगळे पैसे लागतात.